हौशी भूतकथा आणि श्रोत्यांचे वर्तुळ

नाताळच्या सुट्टीत शेकोटीभोवती भूतकथा सांगण्याची प्रथा इंग्लंडात जुनी आहे. तिचा इतिहास मात्र प्रामुख्याने छापील संहितांच्या आधारे लिहिला जातो. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) आणि १८५० पासून त्याने संपादिलेले नाताळ अंक हे या इतिहासाचे ठळक टप्पे होत. १८९१ मध्ये जेरोम के. जेरोमने 'टोल्ड आफ्टर सपर'मध्ये या संकेताचे विडंबन केले. म्हणजे तोवर तो पुरेसा रूढ झाला होता. या बाजारपेठेबाहेर, लेखन हा ज्यांचा व्यवसाय नव्हता अशांनी आपसांत सांगितलेल्या कथांचे स्थान कोणते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.

एम. आर. जेम्स (१८६२–१९३६) याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. केंब्रिजच्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची करणाऱ्या या पंडिताने २८ ऑक्टोबर १८९३ रोजी 'चिटचॅट' मंडळात दोन भूतकथा वाचल्या. पुढे नाताळात किंग्ज कॉलेजमधील मित्रांपुढे, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवून, नवी कथा वाचण्याचा प्रघात पडला. या कथांचे नायक बहुधा जुन्या पोथ्या, चर्च आणि अवशेष धुंडाळणारे विद्वान असतात. श्रोतेही त्याच जातकुळीचे होते. 'ओ, व्हिसल'मधील शिटीवरच्या लॅटिन लेखाचा एक भाग न उलगडताच सोडलेला आहे. जिज्ञासा हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना जिज्ञासेचेच भय दाखवले जाते. येथे श्रोतृवर्ग हा कथेचा केवळ ग्राहक नसून तिच्या घडणीचा घटक आहे.

म्हणूनच 'हौशी' ही संज्ञा कसबाची उणीव सुचवीत नाही. ती निर्मितीमागील संबंध सुचविते. अर्थात ही सीमारेषा निरपवाद नाही. १८९३ साली वाचलेल्या दोन्ही कथा १८९५ मध्ये नियतकालिकांतून आल्या. १९०४ च्या 'घोस्ट स्टोरीज ऑफ अॅन अँटिक्वेरी' या संग्रहासाठी मित्र जेम्स मॅकब्राइड चित्रे काढीत होता. चारच चित्रे पूर्ण करून तो निवर्तला आणि संग्रह त्याचे स्मारक ठरला. छापील पुस्तकातही मित्रमंडळाची खूण अशी शिल्लक राहिली.

तथापि या वर्तुळाचे गौरवीकरण करताना त्याची बंदिस्तता नजरेआड करता येत नाही. ते महाविद्यालयीन पुरुषांचे होते; केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवीचा अधिकार १९४८ मध्ये दिला. याउलट एलिझाबेथ गॅस्केलची 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' १८५२ च्या नाताळ अंकात आली. तिची निवेदक एक वृद्ध दाई असून ती मुलांना कथा सांगते. बाजारासाठी लिहिलेल्या या कथेत दाईचा आवाज निवेदनतंत्र म्हणून टिकला. प्रत्यक्ष दायांनी सांगितलेल्या बहुतेक कथा मात्र सांगणाऱ्यांबरोबरच गेल्या. जेम्सचे हौशीपण टिकले, कारण त्याच्या हाती लेखणी होती आणि त्याच्या मित्रांना प्रकाशक उपलब्ध होते. मौखिक भूतकथेचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणूनच उपलब्ध संहितेबरोबर तिच्या उपलब्धतेचे कारणही तपासले पाहिजे. अन्यथा वाङ्मयेतिहास म्हणजे केवळ लेखणी बाळगणाऱ्यांच्या करमणुकीची नोंद ठरेल.