निकोबार बेटे : प्रवेश आणि आदिवासी परिषदा

बंगालच्या उपसागरात टेन डिग्री चॅनेलच्या दक्षिणेस असलेला द्वीपसमूह. अंदमान व निकोबार या केंद्रशासित प्रदेशातील जिल्हा. क्षेत्रफळ १,८४१ चौ. किमी, लोकसंख्या ३६,८४२ (२०११). मुख्य ठिकाण कार निकोबार.

पुणे, पिंपरी-चिंचवडहून अंदमानला निघणाऱ्या सहली सेल्युलर जेल आणि हॅवलॉक (स्वराज द्वीप) पाहून परततात. निकोबार त्यांत नसते. ते केवळ अंतरामुळे नव्हे. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमानुसार बहुतेक निकोबार राखीव क्षेत्र आहे. बाहेरच्या माणसाला तिथे परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही, जमीन घेता येत नाही. परवाना प्रशासन देते आणि कामाशिवाय तो सहसा मिळत नाही. हौशी प्रवाशाला ही अट जाचक वाटेल, पण ज्यांचे घर आहे त्यांच्या बाजूने पाहिले तर ती रास्तच आहे.

निकोबारी समाजाचा पाया म्हणजे ‘तुहेत’ हे विस्तारित कुटुंब. जमीन, नारळाची झाडे, डुकरे तुहेतच्या मालकीची, एकट्यादुकट्याची नव्हेत. गावप्रमुखाला ‘कॅप्टन’ म्हणतात, त्याच्या हाताखाली दुसरा व तिसरा कॅप्टन असतो. राखीव क्षेत्रात पंचायतींऐवजी आदिवासी परिषदा काम करतात. त्यांना २००९ च्या विनियमाने कायदेशीर रूप मिळाले. निर्णय परिषदेचा, तिजोरी व अंमल मात्र प्रशासनाचा, असा हा अर्धा कारभार आहे. चौरा बेटावर मातीची भांडी परंपरेने घडत ती बायकांच्या हातून, आणि ती इतर बेटांवर जात. उलांडी लावलेल्या तिथल्या नावेला ‘होडी’च म्हणतात, हे मराठी कानाला सुखावणारे.

ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर, कॅम्पबेल बे परिसरात, १९६९ पासून माजी सैनिकांची तीनशेहून अधिक कुटुंबे वसवली गेली. पंजाबी कुटुंबांबरोबर महाराष्ट्रातलीही होती. त्यांना जमीन सरकारने दिली. याच बेटाच्या अंतर्भागात शोंपेन हे शिकार-संकलनावर जगणारे लोक राहतात.

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने किनाऱ्यावरची निकोबारी गावे पुसून टाकली. ग्रेट निकोबारवरच्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. या बेटावरच्या वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणले गेले. पुढे याच बेटावर मालवाहू बंदर, विमानतळ, नगर आणि वीजकेंद्र यांचा सुमारे १६६ चौ. किमीचा प्रकल्प आखला गेला. त्याला लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये ना-हरकत दिली, आणि नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली. आपल्या सुनामीपूर्व गावांच्या जमिनीही प्रकल्पक्षेत्रात येतात हे तेव्हा सांगितले गेले नव्हते, असे परिषदेचे म्हणणे आहे. या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच: पाहुण्याला परवाना लागतो, आणि प्रकल्पाला यजमानाची संमती लागते की नाही यावर अजून वाद चालू आहे. चिंगेन, पुलो बाहा, कोकेओन ही ती सुनामीपूर्व गावे. तिथले लोक घरी परतू देण्याची मागणी आजही करतात.