चार बोल्ट, दोन पिना

माझ्या टेबलाच्या खणात एका काड्यापेटीत एक तुटका बोल्ट आहे. आठ मिलिमीटर जाडीचा, डोक्याकडचा अर्धा भाग. सौ.ने तो दोनदा कचऱ्यात टाकायला काढला आणि दोन्ही वेळा मी तो परत आणला. "एवढं काय आहे त्यात?" या प्रश्नाला मी आजवर नीट उत्तर दिलेलं नाही. आज देतो. उत्तर जरा लांबचं आहे, 1842 पर्यंत जातं, तेव्हा ज्यांना पोळ्या लाटायच्या असतील त्यांनी आधी लाटून घ्याव्यात.

आम्ही कॅलिफोर्नियात होतो तेव्हाची, 2011 ची गोष्ट. शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहत. त्यांच्याकडे 1973 सालची पोर्शे 914 होती. ही गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बसकी, चौकोनी, दोन माणसांची, इंजिन सीटच्या मागे आणि छपराचा तुकडा काढून डिकीत ठेवता येतो. पहिल्या नजरेत कुणी हिला पोर्शे म्हणणार नाही, आणि जर्मनीतही बरेच जण म्हणत नसत. फोक्सवॅगनचे प्रमुख हाइन्रिख नोर्डहोफ आणि फेरी पोर्शे यांच्यात ती मिळून बनवायची असं तोंडी ठरलं होतं. एप्रिल 1968 मध्ये नोर्डहोफ वारले. त्यांच्या जागी आलेल्या कुर्ट लोट्झ यांना तो तोंडी शब्द बांधील वाटला नाही. पोर्शेला गाडीचे सांगाडे महाग पडू लागले, आणि सहा सिलिंडरची 914/6 इतकी महागली की जेमतेम तीन हजार तीनशेच्या आसपास बनल्या. चार सिलिंडरच्या मात्र लाखावर खपल्या. (तोंडी व्यवहार म्हणजे वॉशरशिवायचा नट, असं आमचे बाबा म्हणायचे. ते एस.टी.च्या वर्कशॉपात होते, त्यांची सगळी तत्त्वं नटबोल्टांतूनच यायची.)

मास्तरांची गाडी चार सिलिंडरची होती, पण मूळचं इंजिन काढून त्यांनी 911 चं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं बसवून घेतलं होतं. या गाड्यांच्या शौकिनांत हे सर्रास करतात. मागे रुंद टायरही टाकले होते. गिअरबॉक्स मूळचाच.

गिअरबॉक्समधून ताकद चाकापर्यंत नेतो तो अर्धा अॅक्सल. चाक वरखाली होतं म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो, आत पोलादी गोळ्या, ग्रीस, वर रबरी बूट. हा सांधा गिअरबॉक्सच्या फ्लँजला बोल्टांनी जोडलेला असतो. मास्तरांच्या गाडीत दर फ्लँजला चार बोल्ट आणि दोन पोकळ स्प्रिंग पिना होत्या. रबरी बूट फाटले होते, ते मी बदलून देतो म्हटलं. शनिवार-रविवारचं काम. मला हौस, मास्तरांना कंबरदुखी.

काम मी मन लावून केलं हे आधी सांगतो, कारण पुढचं त्यामुळेच जास्त लागतं. गंजलेले फ्लँज मीच हट्टाने पावडर कोटिंग करून आणले, काळेभोर, देखणे. सांध्यात नवं ग्रीस भरलं. बोल्ट जुनेच, पण चांगले दिसत होते. टॉर्क रेंच लावून आवळले, 42 न्यूटन-मीटर, क्लिक, क्लिक, क्लिक, क्लिक.

तीन आठवड्यांनी मास्तर बाईंना शेजारी बसवून हायवेवर निघाले. आधी कुणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज, मग धडाका, आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. चाकाला ताकद जाईना. सुटलेला अॅक्सल आत गरागरा फिरत आपटत होता. ब्रेकच्या नळीला त्याने पोचा पाडला. नळी फुटली नाही. गाडी कडेला थांबली. दोघं सुखरूप होते.

चारपैकी एक बोल्ट गायब, तीन तुटलेले, पिना कातरलेल्या. मास्तर म्हणाले, "बोल्ट कमअस्सल निघाले. जुनेच होते ना." ओळखीच्या शौकिनांनीही तेच सांगितलं: इंजिन दुप्पट ताकदीचं, बोल्ट मूळ मापाचे, तुटणारच. मी मान हलवली. एक तुकडा मात्र खिशात टाकून घरी आणला.

भिंगाखाली पाहिलं तर तुटलेला भाग सगळा सारखा नव्हता. बराचसा गुळगुळीत, त्यावर ओहोटीला वाळूवर उमटतात तशा बारीक कमानी, आणि एका कडेला थोडासाच खडबडीत भाग. एका झटक्यात तुटलेला बोल्ट असा दिसत नाही. हा हळूहळू, हजारो वेळा वाकून, कणाकणाने चिरत गेला होता.

आता 1842. 8 मे रोजी व्हर्सायच्या बागेतला राजाचा उत्सव पाहून लोक आगगाडीने पॅरिसला परतत होते. म्यूदाँजवळ पुढच्या इंजिनाचा अॅक्सल तुटला. मागचे डबे त्यावर चढले, भट्टीतल्या निखाऱ्यांनी पेट घेतला. डब्यांची दारं बाहेरून कुलपं लावून बंद केलेली होती. पन्नासाहून जास्त माणसं गेली. दक्षिण ध्रुवाकडच्या सफरी करून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्यूरव्हिल बायको आणि मुलासह त्यात जळून गेला.

तेव्हाही दोष धातूलाच दिला गेला. धक्क्यांनी लोखंडाची जातच बदलते, तंतुमय असतं ते स्फटिकासारखं ठिसूळ होतं, असा समज होता. त्याला दुजोराही मिळे, कारण तुटलेला भाग चमकदार दाणेदार दिसे. विल्यम रँकिन नावाच्या तरुण स्कॉटिश इंजिनियरने 1843 मध्ये वेगळं म्हटलं. त्याने तुटके अॅक्सल पाहिले. चीर बाहेरून सुरू होते, जिथे जाडी एकदम बदलते त्या तीक्ष्ण कोपऱ्यातून, आणि सावकाश आत शिरते. लोखंड तेच राहतं. कोपरा गोलसर करा, त्याने सांगितलं. पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलरने 1850 आणि 60 च्या दशकांत अॅक्सलचे नमुने यंत्रावर लाखो फेरे फिरवले आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट निघाली. धातूवर जास्तीत जास्त ताण किती येतो, त्यापेक्षा तो ताण किती वरखाली होतो याला महत्त्व आहे. स्थिर मोठा ताण धातू सोसतो. छोटा पण सारखा हलणारा ताण त्याला खातो.

हे वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. कारण बोल्ट आवळण्याचं सगळं मर्म यात आहे. पूर्ण आवळलेला आठ मिलिमीटरचा 12.9 प्रतीचा बोल्ट आतून सुमारे 2.7 टनांनी ताणलेला असतो. दोन पृष्ठभाग त्या जोराने एकमेकांना चिकटतात, आणि इंजिनाची ताकद जाते ती त्या पृष्ठभागांच्या घर्षणातून. बोल्टाने ती आडवी पेलायची नसतेच. बोल्ट बिचारा स्थिर ताणात निवांत असतो. ढिला झाला की मात्र सांधा सरकायला लागतो, दर वेगबदलाला बोल्ट इकडून तिकडे वाकतो, आणि व्होलरचं यंत्र सुरू होतं.

थोडा हिशोब. बोल्टांचं वर्तुळ मध्यापासून साधारण साडेचार सेंटिमीटरवर. कोरड्या पोलादाचं घर्षण धरून चार बोल्ट साधारण 700 न्यूटन-मीटर पेलतात. मूळचं 1.7 लिटरचं इंजिन 133 न्यूटन-मीटरचं. पहिल्या गिअरमध्ये ते सुमारे चौदा पट होतं आणि दोन चाकांत वाटलं जातं, म्हणजे दर अॅक्सलला नऊशेच्या वर. म्हणून तर त्या पिना! नवं इंजिन 265 च्या आसपास, म्हणजे दुप्पट. अरुंद टायर असता तर आधी तोच घसरला असता आणि अॅक्सल वाचला असता. रुंद टायर घसरत नाही. गाडीतला फ्यूज आम्ही काढून टाकला होता.

म्हणजे शौकीन म्हणत होते ते खरंच होतं? अर्धं. मास्तरांनी त्या इंजिनावर माझ्या आधी चार वर्षं गाडी चालवली होती, त्याच बोल्टांवर. तुटले ते माझ्या हाताखालून गेल्यावर तीन आठवड्यांत.

उरलेलं अर्धं मी स्वतःच शोधलं. आवळल्यावर एवढा आखूड बोल्ट लांबतो किती? जेमतेम 0.14 मिलिमीटर. तो 2.7 टनांचा सगळा जोर या केसाएवढ्या लांबण्यात साठवलेला असतो. आणि माझं देखणं पावडर कोटिंग? सहज 0.08 मिलिमीटरचं, बोल्टाच्या जोराखाली आणि गिअरबॉक्सच्या उष्णतेत दबणारं. ते 0.05 दबलं की एक तृतीयांश जोर गेला. वर दोन्ही पृष्ठभागांवर मी ग्रीसचे हात लावलेले, म्हणजे घर्षणही उतरलेलं. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा रेंच लावला असता तर कळलं असतं. लावला नाही. मास्तरांना तसं सांगितलंही नाही.

आणखी एक योगायोग. 914 फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली 1969 च्या सप्टेंबरात. त्याच 1969 साली गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियरने दाखवून दिलं की बोल्ट ढिला करायला आडवी सरक सर्वांत घातक. लांबीच्या दिशेने कितीही हादरवा, फारसं बिघडत नाही. पण सांधा आडवा जरासा सरकू लागला की आट्यांतलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि बोल्ट आपोआप उलटा फिरतो, न हात लावता. त्याच्या यंत्रावर आपला लाडका स्प्रिंग वॉशर, जो बाबांच्या वर्कशॉपात डब्याने असायचा, काहीच उपयोगाचा ठरत नाही. जर्मनीने 2003 च्या सुमारास त्याचं मानकच मागे घेतलं. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या गाड्या चालल्या की." यावर काय बोलणार?

सगळा हिशोब मांडून झाल्यावर मी आठ दिवस गप्प बसलो. मास्तरांनी तोवर मोठ्या प्रतीचे म्हणून चकचकीत मुलामा दिलेले नवे बोल्ट मागवले होते. मुलामा देताना इतक्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि असा बोल्ट आवळल्यावर दोन दिवसांनी उभ्या गाडीतही तडकू शकतो. म्हणजे मी गप्प राहिलो तर ते पुन्हा त्याच रस्त्यावर, शेजारी बाई. नवव्या दिवशी मी भिंग आणि काड्यापेटी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो आणि सगळं सांगितलं. पावडर कोटिंगसकट.

त्यांनी बोल्ट बराच वेळ भिंगातून पाहिला. बाईंनीही पाहिला. मग मास्तर म्हणाले, "म्हणजे तुलाच परत करावं लागणार. माझी कंबर अजून तशीच आहे."

केलं. फ्लँजच्या तोंडावरचं कोटिंग खरवडून पोलाद उघडं केलं. पृष्ठभाग आणि आटे ब्रेक क्लीनरने पुसले, चिंधी पांढरी राहीपर्यंत. सहा भोकांचे, दहा मिलिमीटर बोल्टांचे फ्लँज आणि सांधे घेतले; दर बोल्ट आता 4.2 टनांनी धरतो. बोल्ट नवे, काळे, मुलामा नसलेले, आणि भोकाच्या तळाला टेकत नाहीत ना हे आधी हाताने फिरवून पाहिलं, कारण तळाला टेकलेला बोल्ट रेंचला खोटं बोलायला लावतो. डोक्याखाली दोन-दोन बोल्टांना मिळून एक चंद्रकोरी पट्टी. आट्यांना लॉक्टाइटचा एक थेंब. हार्टफर्डच्या व्हर्नन क्रीबल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने 1953 मध्ये शोधलेलं, हवा बंद झाली की घट्ट होणारं. मग समोरासमोरचे बोल्ट जोडीने, दोन टप्प्यांत, 83 न्यूटन-मीटर. लॉक्टाइट एकदा धरलं की रेंच खरं सांगत नाही, म्हणून दर डोक्यावरून फ्लँजपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ. बोल्ट फिरला तर रेघ मोडते, गाडीखाली वाकून टॉर्चने बघितलं की पुरे. पण न फिरताही जोर उतरू शकतो, तेव्हा दर डब्यातल्या एका बोल्टाची चाचणी वर्षातून एकदा, हे कागदावर लिहून मी त्यांच्या गॅरेजच्या भिंतीला चिकटवलं.

पहिल्या शंभर किलोमीटरला मी शेजारच्या सीटवर बसलो. बाई म्हणाल्या, आधी तू बसून ये.