दुकानाचं वीजबिल: आधी वाचा, मग वाचवा

निरगुडसर-मंचर भागात ज्यांचं घर दुकानाच्या गल्ल्यावर चालतं, त्यांनी महावितरणचं बिल नीट वाचावं, असं आम्ही सांगतो. दुकानाला घरगुती नव्हे, वाणिज्यिक दर लागतो. स्थिर आकार दुकान बंद असलं तरी भरावाच लागतो. आपल्या हातात उरतात ती युनिटं.

१००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, बीएलडीसी ३० चा. चार पंखे रोज १० तास चालवले तर महिन्याला ९० ऐवजी ३६ युनिटं.

डीप फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ काढा, दाराचं रबर तपासा. रमजानमध्ये दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, तेव्हा ही बचत जास्त जाणवते. दीनमध्ये इसराफ, म्हणजे उधळपट्टी, मना आहे, विजेचीही.