लक्षद्वीप, मालदीव की मॉरिशस? तिन्ही बेटं एकाच चुलीवरची

आजचा एपिसोड एका व्हॉट्सॲप पोलमुळे झालाय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "यंदा ट्रिप बेटावर, आणि स्नॉर्केलिंग पाहिजेच." पर्याय तीन: लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस. मी डोळे झाकून मालदीववर बोट ठेवलं. का? रील्स. दुसरं काही कारण नव्हतं, खोटं कशाला बोला.

पण मत दिल्यावर मला आमची आधीची एक ट्रिप आठवली. कुठली ते सांगत नाही. तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, आणि पाण्याखाली काय तर राखाडी खडकांचा ढिगारा, पडलेल्या वाड्याच्या मातीसारखा. मधेच एक जिवंत फांदी दिसली, फिकट जांभळी. मी घाबरून पाय टेकवले ते नेमके तिच्यावर. कट्‌कन आवाज झाला. पाण्याखाली आवाज इतका स्पष्ट ऐकू येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. बोटवाला म्हणाला, "चलता है, पत्थर है."

तो पत्थर नव्हता. प्रवाळ म्हणजे टाचणीच्या डोक्यापासून नखाएवढ्या प्राण्यांची वसाहत. ते स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात, आणि त्यांच्या पेशींमध्ये राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न बनवून घरभाडं देतं. (आजीच्या अंगठीतलं मंगळाचं पोवळं हे त्यांचंच चुलतभावंड, पण ते लाल पोवळं रीफ बांधत नाही.) फांद्यांचं प्रवाळ वर्षाला दहा-पंधरा सेंटीमीटर वाढतं, गोल दगडासारखं दिसणारं जेमतेम एक. म्हणजे माझ्या एका पायाने काही वर्षांचं काम मोडलं.

तर यावेळी ठरवलं, आधी वाचायचं. आणि वाचताना समजलं की पोलमधले तिन्ही पर्याय ही एकाच गोष्टीची तीन वयं आहेत, आणि ती गोष्ट आपल्या सह्याद्रीपासून सुरू होते.

सुरुवात डार्विनपासून करू. हो, तोच, उत्क्रांतीवाला. पण त्याने नाव कमावलं ते आधी भूगर्भशास्त्रात. त्या काळी कोडं असं होतं: भर समुद्रात, जिथे तळ सापडत नाही एवढ्या खोल पाण्यात, प्रवाळाची गोल कंकणं कशी उभी राहतात? प्रवाळ तर उथळ पाण्यातच जगतं. चार्ल्स लायेल या मोठ्या भूवैज्ञानिकाचं म्हणणं होतं की खाली बुडालेल्या ज्वालामुखीचं तोंड असणार, त्याच्या गोल काठावर प्रवाळ वाढलं.

डार्विन त्या वेळी बीगल जहाजावर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला होता. 20 फेब्रुवारी 1835 रोजी चिलीत मोठा भूकंप झाला आणि किनारा काही फूट वर उचलला गेला. त्याच्या डोक्यात आलं, इथली जमीन वर येत असेल तर दुसरीकडे समुद्राचा तळ खाली जात असेल. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतंय, आणि त्याच्या काठचं प्रवाळ उजेडासाठी तेवढ्याच वेगाने वर चढतंय. आधी रीफ किनाऱ्याला चिकटलेली, मग मधे पाणी येऊन लांब गेलेली, आणि शेवटी डोंगर पूर्ण बुडाला की उरतं फक्त कंकण. भारी गोष्ट म्हणजे हे सुचलं तेव्हा त्याने एकही प्रवाळ बेट डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आधी थिअरी, मग टेस्टिंग. आमच्या टीममध्ये असं केलं तर रिव्ह्यूमध्ये फाडतात.

टेस्टिंग झालं एप्रिल 1836 मध्ये, हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर. शिशाच्या वजनाला खालून चरबी लावायची आणि ते दोरीने समुद्रात सोडायचं. उथळ ठिकाणी चरबीवर जिवंत प्रवाळाचे ठसे उमटून यायचे, खोल गेलं की नुसती वाळू चिकटून यायची. जिवंत प्रवाळ उथळातच, हे त्या चरबीने सिद्ध केलं.

आता मुंबई येते. त्याच सुमारास, 1834 ते 1836, कंपनी सरकारच्या मुंबईच्या नौदलातला रॉबर्ट मोर्सबी मालदीवचे नकाशे काढत होता. त्याचे दोन तरुण अधिकारी मालेमध्ये राहिले, तापाने आजारी पडले, पण तिथल्या लोकांवर त्यांनी लिहिलेला वृत्तांत मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीने छापला. डार्विन स्वतः मालदीवला कधीच गेला नाही. 1842 च्या आपल्या पुस्तकात त्याने मोर्सबीच्या कामाचा भरपूर आधार घेतला. आणि असं कंकण म्हणजे 'ॲटोल', हा शब्दसुद्धा मालदीवच्या दिवेही भाषेतून जगभर गेलाय.

खाली खरंच ज्वालामुखी आहे का, हे बघायला बराच वेळ लागला. 1890 च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रशांत महासागरात फुनाफुटीला खोदून पाहिलं, तीनशे मीटरच्या खाली गेले तरी प्रवाळाचा चुनखडकच. शेवटी 1952 मध्ये एनिवेटॉक ॲटोलवर बाराशे मीटरच्याही खाली काळा बसाल्ट लागला. डार्विन बरोबर होता. खोदकामाचं निमित्त मात्र हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची तयारी होती, हे वाचून तोंड कडू झालं.

काळा बसाल्ट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रायगड, महाबळेश्वर, कुठल्याही ट्रेकमधला कातळ. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत आजच्या रियुनियन बेटाखाली जो हॉटस्पॉट आहे त्याच्यावरून जात होता, आणि दख्खनचा लाव्हा तिथून आला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पेटलेली उदबत्ती एका जागी धरा आणि वरून कागद हळूहळू सरकवा. डागांची रांग पडेल. पहिला मोठा डाग म्हणजे दख्खन, मग लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. 1987 मध्ये एका संशोधन जहाजाने या रांगेत भोकं पाडून खडकांची वयं काढली. मालदीवजवळ सुमारे 5.7 कोटी वर्षं, चागोसजवळ 4.9 कोटी. लॉग फाइलमधल्या टाइमस्टॅम्पसारखी ओळीने.

आता पोलकडे या. मॉरिशस सगळ्यात तरुण, साधारण 80-90 लाख वर्षांचं. डोंगर अजून उभे आहेत आणि रीफ किनाऱ्याजवळ, म्हणून तिथे तुम्ही शांत उथळ पाण्यात पोहता. डार्विन तिथेही गेला होता, आणि रस्त्यावर काम करणारे हिंदुस्थानी कैदी पाहून त्याने त्यांच्याबद्दल लिहिलं. ते बंगाल आणि मुंबई इलाख्यातून काळ्या पाण्यावर पाठवलेले लोक. त्यांच्या मागोमाग मुंबई बंदरातून करारावरचे मराठी मजूरही गेले, आणि आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मालदीव आणि लक्षद्वीप म्हातारे. डोंगर गायब, उरलंय फक्त प्रवाळ. मधे लगून, आणि रीफच्या बाहेरच्या कडेला एकदम निळा अंधार. रील्समध्ये दिसतो तो हाच.

म्हणजे कोट्यवधी वर्षं जमीन खचत गेली आणि प्रवाळ पुरून उरलं. पण उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त राहिलं, तेही काही आठवडेच, तर ते आपलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. 1998 मध्ये लक्षद्वीप-मालदीवला हे झालं, 2010 मध्ये झालं, 2016 मध्ये पुन्हा. 2024 मध्ये जगभरातली चौथी लाट जाहीर झाली. लक्षद्वीपच्या अगत्ती, कदमत, कवरत्ती इथल्या दीर्घ अभ्यासात जिवंत प्रवाळाचं प्रमाण 1998 मधल्या सुमारे 37 टक्क्यांवरून 2022 पर्यंत 19 वर आलं. खरी गोची दोन उष्णतेच्या लाटांमधल्या अंतराची आहे. सावरायला वेळच मिळत नाही.

लक्षद्वीपची माणसं ज्या जमिनीवर राहतात ती याच चुन्याची वाळू आहे, आणि रीफ लाटा अडवते म्हणून ती जागेवर आहे. बंगारम ॲटोलमधलं परळी-1 नावाचं छोटं निर्जन बेट झिजून पाण्याखाली गेलंय. हे वाचल्यावर माझ्या डोक्यातला "कुठे पाणी जास्त निळं?" हा प्रश्न बदलला. कुठल्या लगूनमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत प्रवाळ कितपत सावरलंय, आणि नेणारा माणूस पाय टेकवू देतो की ओरडतो, हे मी विचारायला लागलो.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. उत्तर आलं: "भाई, टीएलडीआर?" दुसऱ्याने विचारलं, "मग जायचंच नाही का?" खरं सांगू, हा प्रश्न मलाही पडला होता, कारण विमानाचा धूर पाणी तापवायला हातभार लावतोच. मी तरी मत बदलून लक्षद्वीपवर टाकलं. तिघांतलं सगळ्यात जवळचं, म्हणून धूर त्यातल्या त्यात कमी. शिवाय परमिट लागतं, म्हणून गर्दी मोजून-मापून.

सहा विरुद्ध पाच. कोचीहून अगत्ती. परमिटचे फॉर्म सध्या माझ्याकडे आहेत, आणि दोघांनी अजून फोटो पाठवलेले नाहीत. तोवर दर रविवारी पोहण्याच्या तलावावर पाय न टेकवता तरंगायची प्रॅक्टिस चालू आहे. काल चार मिनिटं जमलं.