घडीव आणि ओतीव

धातूला आकार देण्याच्या दोन वाटा मराठीने फार पूर्वीपासून निरनिराळ्या मानल्या आहेत. ओतारी ओततो, लोहार घडवतो. पहिल्या वाटेत धातू वितळून साच्याचे रूप घेतो. दुसरीत तो वितळत नाही, लाल होऊन मऊ पडतो आणि घणाखाली आकाराला येतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ओतकाम ही प्रगती आणि घडाई ही तिच्या मागची पायरी, असा एक समज रूढ आहे. तो कितपत टिकतो, हे पाहू.

शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारे १५३८ अंश सेल्सियस इतके तापमान लागते. भात्यावर चालणाऱ्या जुन्या भट्टीत तेवढी धग निर्माण होत नसे. तिच्यातून निघे तो कीट मिसळलेला, सच्छिद्र लोखंडाचा गोळा. तो पुन्हा तापवून ठोकायचा, म्हणजे कीट पिळून बाहेर पडते आणि धातू घट्ट होतो. असे दोन गोळे पांढुरके होईतो तापवून एकमेकांवर ठेवले आणि घाव घातले, तर ते सांधतात. मेहरौलीचा लोहस्तंभ याच रीतीने उभा राहिला. सुमारे ७.२ मीटर उंच आणि सहा टनांहून जड असा हा स्तंभ एका ओतकामाचा नाही. तो असंख्य लहान गोळ्यांची सांधणी आहे. त्यावरील लेखातील ‘चंद्र’ हा राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्तंभ गंजत का नाही, याची चर्चा पुष्कळ झाली. लोखंडातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर बसतो, हे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. पण न गंजण्याच्या कौतुकात सांधण्याचे कौशल्य मात्र झाकले गेले.

हेच कौशल्य पुढे दख्खनच्या तोफांत दिसते. विजापूरच्या उपली बुरुजावर सुमारे तीस फूट लांबीची लोखंडी तोफ आहे. अशा तोफेसाठी लांब पट्ट्या एका गाभ्याभोवती उभ्या रचीत आणि त्यांवर तापवलेली कडी एकामागून एक चढवीत. कडे निवले की आकसते व आतल्या पट्ट्यांना आवळून धरते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्याने पाहिली असेल, त्याला हे तत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. त्याच शहरातली मलिक-ए-मैदान मात्र ओतीव आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ती काशाच्या जातीच्या मिश्रधातूत ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात.

युरोपही या वाटेने गेला होता. एडिंबरोच्या किल्ल्यातील मॉन्स मेग ही १४४९ ची तोफ पट्ट्या आणि कड्यांचीच आहे. पुढे तिथे झोतभट्टी आली, लोखंड पाण्यासारखे वाहू लागले आणि १५४३ मध्ये इंग्लंडच्या ससेक्समध्ये बिडाची तोफ एकसंध ओतली गेली. बीड ठिसूळ, बिडाची तोफ फुटते तेव्हा आगाऊ सूचना न देता फुटते. घडीव लोखंड आधी ताणते, वाकते, भेगाळते. तरीही बीड जिंकले, कारण ते स्वस्त होते आणि त्याला हात कमी लागत. आपल्याकडे मुशीत पोलाद वितळत असे, पण लहान ढेपांपुरते; तोफ ओतण्याइतके लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या रुजल्या नाहीत. भट्टीची उणीव माणसांच्या दंडांनी भरून काढली, आणि ते दंड स्वस्त होते. घडाईचा अभिमान बाळगताना ही बाजू दृष्टीआड करणे आम्हांस अप्रामाणिक वाटते.

पण कथा इथे संपत नाही. जेम्स नॅस्मिथने १८४२ मध्ये वाफेच्या घणाचे पेटंट घेतले आणि दंडांची मर्यादा सरली. १८५० च्या दशकात विल्यम आर्मस्ट्राँगने इंग्लंडसाठी नवी तोफ केली, ती घडीव लोखंडाच्या कड्या एकावर एक आवळून! जे तत्त्व मागासलेले म्हणून टाकले होते, तेच यंत्राच्या बळावर पुढारलेले ठरले. आज मोटारीचा क्रँकशाफ्ट डायमध्ये दाबून घडवतात, याचेही कारण तेच आहे. दाबाखाली धातूच्या आतले तंतू वस्तूच्या वळणाने वळतात, ओतकामातल्यासारखी पोकळी राहत नाही, आणि कापून काढण्याच्या मानाने धातूही कमी वाया जातो. पुण्याजवळ १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जचा सारा उद्योग याच गुणांवर उभा राहिला.

तेव्हा घडाई ही मागची पायरी नव्हे. ती बळाची वाट पाहत थांबलेली रीत होती. तिच्या इतिहासात एक विषमता मात्र उरते. मलिक-ए-मैदानवर ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नाव कोरलेले आहे. मेहरौलीच्या स्तंभावर राजाचे नाव आहे, लोहाराचे नाही. आपल्या गावोगावच्या बाजारांत पाल ठोकून बसणाऱ्या घिसाड्यांच्या कुटुंबात पुरुष सांडशीने लोखंड धरतो आणि बाई घण मारते. त्या घणाचे शास्त्र पुस्तकांत आले. तो उचलणारी मात्र अजून पुस्तकाबाहेरच आहे.