चीक, निशास्ता आणि पिष्ट : एका निळ्या रंगाची हकिकत



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी आयोडीनचा विषय निवडावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु प्रयोगशाळेतल्या बाटलीत जसे द्रव्य असते तसा तिच्यावरील चिठ्ठीवर शब्द असतो. आणि शब्दांची चौकशी करण्यातच माझे आयुष्य गेले आहे.

नेपोलियनच्या युद्धांमुळे फ्रान्समध्ये बंदुकीच्या दारूसाठी सोऱ्याची मागणी वाढली होती. बर्नार कूर्त्वा हा सोऱ्याचा कारखानदार समुद्रशेवाळाच्या राखेतून लागणारे क्षार काढीत असे. १८११ साली त्या राखेच्या द्रावात गंधकाम्ल अधिक पडले आणि जांभळी वाफ उठली. ती थंड पृष्ठावर काळसर स्फटिकांच्या रूपाने जमली. गे-ल्युसाक या रसायनज्ञाने जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून या द्रव्याचे नामकरण केले. पुढे १८१४ मध्ये कोलँ आणि गोतिए द क्लोब्री या दोघांनी पिष्टाशी त्याचा संयोग होताच गडद निळा रंग येतो, हे नोंदविले. दारूगोळ्याच्या गरजेतून निघालेले हे द्रव्य अशा रीतीने अन्नाचे परीक्षक झाले.

रंग का येतो, हे उमगण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला. पिष्टातील अमायलोज नावाच्या घटकाची लांब साखळी जिन्यासारखी वळत जाते. सुमारे सहा ग्लुकोज-घटकांना एक वेढा पडतो आणि त्या पोकळीत आयोडीनचे अणू रांगेने बसतात. द्राव तापविला की हा निळा रंग जातो, निवला की परत येतो. म्हणूनच खव्यात पिष्टाची भेसळ आहे काय हे पाहताना तो थोडा पाण्यात उकळून आधी थंड करावा लागतो. मग औषधाच्या दुकानातील टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब पुरतात. निळा रंग न आल्यास पिष्ट नाही एवढेच सिद्ध होते, खवा शुद्ध आहे असे नव्हे. हा भेद पुष्कळ सुशिक्षितांच्याही ध्यानी राहत नाही.

युलियुस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६०नंतरच्या दशकात याच रंगाच्या साहाय्याने, उजेडात हिरव्या पानात पिष्ट तयार होते, हे दाखविले. अर्धे पान काळ्या कागदाने झाकून उन्हात ठेवावे, मग स्पिरिटमध्ये रंगहीन करून आयोडीनमध्ये बुडवावे. झाकलेला भाग निळा होत नाही. आपणांपैकी बहुतेकांनी हा प्रयोग केला असेल, निदान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तरी.

आता शब्दांकडे वळतो. ग्रीकांनी या पदार्थास ‘अमिलोन’ म्हटले, म्हणजे जात्यावाचून काढलेले. रोमन लेखक केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याची कृती लिहून ठेवली आहे : गहू दहा दिवस भिजवावा, तागाच्या कापडात पिळावा, निघालेले उन्हात वाळवावे. ही कृती वाचताना आपल्या भागातील कुणाही गृहिणीला हसू येईल. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालावा, रोज पाणी बदलावे, वाटून गाळावे, रात्रभर स्थिर ठेवून वरचे पाणी ओतून द्यावे. तळाशी राहतो तो चीक. फारसी-उर्दूतील ‘निशास्ता’ या शब्दाचे नाते ‘निशस्तन’, म्हणजे बसणे, या क्रियापदाशी जोडले जाते. तळाशी बसलेले ते निशास्ता! आमच्या संस्कृतनिष्ठ परिभाषाकारांनी मात्र ‘पिष्ट’ घेतले. पिष्ट म्हणजे दळलेले, ज्यापासून ‘पीठ’ आले. ग्रीकांनी ज्याला न दळलेले म्हटले, त्याला आपण दळलेले म्हणून बसलो. शिवाय पिठात चिवट प्रथिनही असते. चिकात ते फारसे उरत नाही, चोथ्याबरोबर निघून जाते. माझ्या मते काटेकोरपणात ‘चीक’ हा शब्द ‘पिष्टा’हून सरस आहे.

ही केवळ शब्दच्छलाची गोष्ट नाही. निर्णा आणि भोवतालचा मुलूख निजामी राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाने सुरू झाले. त्याआधी एक वर्ष त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले होते. वरच्या वर्गांत शास्त्र शिकणाऱ्या आपल्याकडील मराठी आणि कानडी मुलांना स्टार्च भेटला तो ‘निशास्ता’ म्हणून. १९४८ मध्ये राज्य गेले, १९५६ मध्ये बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आणि हुमनाबाद, भालकी म्हैसूर राज्यात आले. वडिलांचा शास्त्रीय शब्द मुलाला आणि थोरल्या भावाचा धाकट्याला निरुपयोगी ठरावा, असा प्रसंग सरहद्दीवरील कित्येक घरांवर आला. घरातल्या शब्दाला या तिन्ही काळांत शाळेत प्रवेश मिळाला नाही. ज्या आईने चीक काढण्यात हयात घालविली, तिला आपण रसायनशास्त्रातील एक शुद्धीकरण करीत आहोत, हे कुणी सांगितले नाही. आणि मुलाला आपल्या आईला त्यातले काही कळते, याचा पत्ता लागला नाही.

उन्हाळ्यात घरोघरी कुरडया होतात. चिकाचा एक थेंब आणि चोथ्याची चिमूट अशी दोन बशांत ठेवून दोन्हींवर आयोडीन टाकावे. चीक तत्काळ काळानिळा होईल. चोथा पुन:पुन्हा धुतला, तर त्याचा रंग क्रमाने फिका पडत जाईल. किती वेळा धुतल्यावर किती फिका, याची नोंद मुलांनी ठेवावी. उत्तरपत्रिकेत एखाद्याने ‘पिष्ट’ऐवजी ‘चीक’ लिहिले, तर विज्ञानशिक्षकांनी त्याचे गुण कापू नयेत, एवढी विनंती आहे. कन्नड पाठ्यपुस्तकांतही शब्द ‘पिष्ट’च आहे, तेव्हा शेजारच्या कन्नड शाळेतील मुलांनाही बोलावून घ्यावे.