गॅस्ट्रिन आणि जठराचा कर्करोग : एका शंभर वर्षांच्या वादाचा इतिहास

प्रास्ताविक

शरीरक्रियाविज्ञानात संप्रेरकाची संकल्पना रुजून आता शंभरहून अधिक वर्षे लोटली आहेत. १९०२ च्या जानेवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी सिक्रेटिनचा शोध लावला. पचनसंस्थेचा सारा कारभार मज्जातंतूंच्या हुकमतीखाली चालतो, या पावलोव्हच्या संप्रदायाच्या धारणेला त्यामुळे तडा गेला. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये प्रचारात आणला. त्याच वर्षी जॉन सिडनी एडकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने जठरातील एका नव्या संप्रेरकाची माहिती रॉयल सोसायटीपुढे ठेवली. त्याला त्याने ‘गॅस्ट्रिन’ असे नाव दिले.

प्रस्तुत निबंधाचा विषय हे गॅस्ट्रिन आणि पचनमार्गाच्या कर्करोगाशी असलेले त्याचे नाते हा आहे. या संप्रेरकाविषयी प्रत्येक पिढीने ‘हे खरे की ते खरे’ असाच प्रश्न विचारला आणि प्रत्येक वेळी तो प्रश्नच अपुरा ठरला. गॅस्ट्रिन एकट्याने फारसे काही करीत नाही. ते कोणाच्या सोबतीने आणि जठराच्या कोणत्या भागात कार्य करते, यावर त्याचे परिणाम ठरतात. हे ध्यानात यायला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

एडकिन्स आणि हिस्टामाइनचा वाद

एडकिन्सचा प्रयोग साधा होता. जठराच्या शेवटच्या, म्हणजे लहान आतड्याकडील टोकाच्या भागाला आपण येथे निर्गमभाग म्हणू. या भागाच्या श्लेष्मकलेचा अर्क काढून त्याने तो भूल दिलेल्या मांजरांच्या शिरेत टोचला. जठरात अम्ल आणि पेप्सिन स्रवू लागले. जठराच्या वरच्या भागाच्या अर्काने तसा परिणाम होत नव्हता. निर्गमभागातून रक्तात काहीतरी मिसळते आणि ते रक्तावाटे अम्लस्रावी पेशींपर्यंत पोहोचते, हा त्याचा निष्कर्ष आज तंतोतंत खरा ठरलेला आहे.

परंतु तो फार काळ टिकू दिला गेला नाही. १९१० नंतर हेन्री डेल यांच्या संशोधनामुळे हिस्टामाइन हे द्रव्य शास्त्रज्ञांच्या परिचयाचे झाले. पोलिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ पोपिएल्स्की याने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हिस्टामाइन अम्लस्रावाचे प्रबळ उत्तेजक असल्याचे दिसले. पुढे हिस्टामाइन शरीरातील अनेक ऊतींत, जठराच्या श्लेष्मकलेतही, सापडले. मग एडकिन्सच्या अर्कातील ‘गॅस्ट्रिन’ म्हणजे निव्वळ हिस्टामाइनची भेसळ होय, असे मानले जाऊ लागले. १९३० च्या दशकात हे मत बहुतेकांना मान्य होते.

१९३८ मध्ये माँट्रियल येथे सायमन कोमारोव्ह याने निर्गमभागातून हिस्टामाइनचा अंशही नसलेला प्रथिनयुक्त अर्क वेगळा केला. त्यानेही अम्ल स्रवले. एडकिन्सचे निधन १९४० मध्ये झाले. गॅस्ट्रिनचे शुद्ध रूप हाती यायला आणखी २४ वर्षे जावी लागली. लिव्हरपूल विद्यापीठातील रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी १९६४ मध्ये डुकरांच्या जठरांतून ते वेगळे केले. तेथीलच जॉर्ज केनर यांच्या रसायनशास्त्रीय गटाने १७ अमिनो अम्लांची त्याची रचना उलगडली. यांपैकी शेवटची चार अमिनो अम्लेच क्रियेला पुरेशी आहेत, ही त्यातील एक चकित करणारी बाब होती.

यातली खरी गंमत पुढेच आहे. गॅस्ट्रिन मुख्यतः ज्या पेशींवर कार्य करते त्या एन्टेरोक्रोमाफिन-सदृश (ईसीएल) पेशी त्याच्या इशाऱ्यावर हिस्टामाइनच सोडतात आणि ते हिस्टामाइन शेजारच्या अम्लस्रावी पेशींना जागे करते. म्हणजे एडकिन्स बरोबर होता आणि त्याचे विरोधकही पूर्णतः चुकीचे नव्हते. जेम्स ब्लॅक यांनी हिस्टामाइनचा ग्राही अडवणारे सिमेटिडीन हे औषध घडवले. १९७६ मध्ये ते उपलब्ध झाले आणि अल्सरची पुष्कळशी शस्त्रक्रिया अनावश्यक ठरू लागली, याचे मर्म याच साखळीत आहे.

अर्बुदाची पहिली चाहूल

गॅस्ट्रिनचा अर्बुदांशी संबंध प्रथम उलट्या दिशेने उघड झाला. अमेरिकेतील ओहायो राज्यातील शल्यविशारद रॉबर्ट झोलिंगर आणि एडविन एलिसन यांनी १९५५ मध्ये दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. दोघांनाही लहान आतड्याच्या मध्यभागात, म्हणजे एरवी जेथे व्रण होत नाही अशा ठिकाणी, वारंवार व्रण होत होते. दोघांच्याही स्वादुपिंडात अर्बुद होते. पाच वर्षांनी ग्रेगरी यांच्या गटाने अशा अर्बुदाच्या अर्कात गॅस्ट्रिनसारखे प्रबळ द्रव्य दाखवून दिले. येथे अर्बुद संप्रेरक निर्माण करीत होते. संप्रेरक अर्बुद निर्माण करते काय, हा प्रश्न अद्याप कोणी गांभीर्याने विचारलेला नव्हता.

तो विचारला जाण्याची कारणे मात्र साचत होती. अशा रुग्णांच्या जठराच्या वळ्या जाड झालेल्या आढळत आणि अम्लस्रावी पेशींची संख्याही वाढलेली असे. लिओनार्ड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये पेंटागॅस्ट्रिन या कृत्रिम रूपाने उंदरांच्या पचनमार्गात प्रथिननिर्मिती वाढते, असे दाखवले. गॅस्ट्रिन स्राव घडवते, तसेच पेशींच्या वाढीलाही चालना देते, हे आता मान्य करावे लागले.

औषधामुळे उभा राहिलेला प्रश्न

१९८० च्या दशकात ओमेप्राझोल या औषधाच्या चाचण्या चालू असताना हा प्रश्न अकस्मात व्यवहाराचा झाला. हे औषध अम्लाचा पंपच बंद करते. अम्ल नसले की निर्गमभागातील पेशींना तसा संदेश मिळतो आणि त्या अधिकाधिक गॅस्ट्रिन सोडत राहतात. मोठ्या मात्रेत आयुष्यभर ओमेप्राझोल दिलेल्या उंदरांच्या, विशेषतः माद्यांच्या, जठरात ईसीएल पेशींची अर्बुदे आढळली.

औषधच विषारी आहे, असा अर्थ कोणीही काढला असता. पण स्वीडिश संशोधकांनी निर्गमभाग आधीच काढून टाकलेल्या उंदरांना तेच औषध दिले. त्यांच्यात गॅस्ट्रिन वाढले नाही आणि ईसीएल पेशीही वाढल्या नाहीत. उलट, औषध न देता केवळ शस्त्रक्रियेने जठराचा अम्लस्रावी भाग कमी केला, तेव्हाही तीच अर्बुदे उद्भवली. दोष औषधाच्या रेणूत नसून वाढलेल्या गॅस्ट्रिनमध्ये होता. कारण शोधावे कसे याचा इतका स्वच्छ नमुना वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडतो. ओमेप्राझोल १९८८ मध्ये प्रथम स्वीडनमध्ये बाजारात आले. त्याच्या भावंडांपैकी पँटोप्राझोलची गोळी आज आपल्याकडे कित्येक घरांत सकाळच्या चहाआधी घेतली जाते, म्हणून हा इतिहास केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

माणसांत काय होते? झोलिंगर-एलिसन विकारात गॅस्ट्रिन प्रचंड असते, तरी तो आनुवंशिक नसेल तर ईसीएल अर्बुदे विरळाच होतात. तोच विकार एका विशिष्ट जनुकीय दोषासह आला की ती पुष्कळ वाढतात. स्वप्रतिकारजन्य जठरक्षयातही गॅस्ट्रिन उंचावते आणि अशी अर्बुदे दिसतात, मात्र ती बहुधा सौम्य असतात. याचा अर्थ, गॅस्ट्रिनने जमीन तयार होते, परंतु बी दुसऱ्या कोणाचे तरी असते.

हेलिकोबॅक्टर आणि एडकिन्सचे मांजर

ते दुसरे कोण, याचे एक उत्तर ऑस्ट्रेलियातून आले. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी जठरातील सर्पिल जीवाणू व्रणाला कारणीभूत असल्याचे दाखवले. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८९ मध्ये या जीवाणूच्या संसर्गाने गॅस्ट्रिन वाढते, असे निदर्शनास आले. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवातील निश्चित कर्करोगकारक ठरवले.

येथे एक जुना धागा अनपेक्षितपणे जुळतो. एडकिन्स पुढे लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात गेला आणि १९२३ मध्ये त्याने मांजराच्या जठरातील सर्पिल जीवाणूंवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. ते जीवाणू आज हेलिकोबॅक्टरच्या जातकुळीतले मानले जातात. गॅस्ट्रिन आणि सर्पिल जीवाणू दोन्ही त्याच्या हातून गेले होते. त्यांची गाठ कर्करोगाच्या प्रकरणात पडेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

ती गाठ २००० मध्ये अमेरिकेत टिमोथी वांग यांच्या गटाने पाडली. सतत जादा गॅस्ट्रिन तयार करणाऱ्या उंदरांना वृद्धापकाळी, सुमारे २० महिन्यांनी, जठराचा कर्करोग होई. त्यांना हेलिकोबॅक्टरची लागण केली, तर तो आठ महिन्यांच्या आतच होई. मग गॅस्ट्रिन नाहीसे केले तर कर्करोग टळेल, असे सहज वाटते. परंतु २००५ मध्ये गॅस्ट्रिनचे जनुकच नसलेल्या उंदरांच्या निर्गमभागात अर्बुदे आढळली! अम्लाअभावी तेथे जीवाणू माजले होते आणि दाह चालू होता. जास्त गॅस्ट्रिनचा धोका जठराच्या मुख्य भागाला आणि अभावाचा धोका निर्गमभागाला, असे हे चित्र आहे.

मोठ्या आतड्याबाबत पुरावा असाच दुभंगलेला आहे. १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात रक्तातील वाढलेले गॅस्ट्रिन पुढे होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी निगडित दिसले. मात्र झोलिंगर-एलिसन विकाराच्या रुग्णांत असा कल आढळलेला नाही.

औषधांविषयीची चिंताही पूर्ण मिटलेली नाही. २०१८ मध्ये हाँगकाँगच्या ६३,३९७ रुग्णांच्या नोंदींत, जीवाणूचे उच्चाटन झाल्यावर अम्लरोधक पंप-औषधे घेणाऱ्यांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक दिसले. परंतु हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. ज्यांच्या जठराची तक्रार अधिक, तेच गोळ्या अधिक घेणार, ही शंका त्यातून पुरती दूर होत नाही. याउलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७,५९८ जणांवरील यादृच्छिक चाचणीत पँटोप्राझोल आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत कर्करोगाच्या बाबतीत फरक आढळला नाही. तिचा कालावधी मात्र सुमारे तीन वर्षांचा होता. उंदराच्या हिशेबात तीन वर्षे म्हणजे उभे आयुष्य, माणसाच्या हिशेबात ती काहीच नव्हेत. माझ्या मते ही चाचणी घाबरून गोळी सोडणाऱ्यांना दिलासा देते, पण गरजेविना वर्षानुवर्षे ती घेत राहण्याचा परवाना देत नाही.

गॅस्ट्रिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणारी लसही स्वादुपिंडाच्या कर्करोगात आजमावली गेली, पण तिला प्रस्थापित उपचारांत स्थान मिळाले नाही. अधिक बोलका अनुभव नेटाझेपाइड या गॅस्ट्रिनचा ग्राही अडवणाऱ्या औषधाचा आहे. जठरक्षयामुळे ईसीएल अर्बुदे झालेल्या आठ रुग्णांना ते १२ आठवडे दिले गेले. अर्बुदांची संख्या आणि आकार दोन्ही घटले आणि अर्बुदनिदर्शक क्रोमोग्रॅनिन-ए रक्तात सामान्य पातळीवर आले. औषध थांबवल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेले.